तिसरा आग्रह

कुमुदिनी मगदूम यांच्या स्पॅनिशच्या वर्गात व्याकरण शिकवत नसत. भांडण शिकवत.

नवी मुलगी पहिल्या दिवशी जिना चढून वर आली, की बाई तिच्या हातात एक वांगं ठेवायच्या आणि त्याची किंमत स्पॅनिशमधून, बोटांवर आकडा दाखवत, अशी काही सांगायच्या की गप्प बसणं अशक्य व्हावं. मुलीला स्पॅनिशचं एक अक्षर येत नसायचं, पण वांग्याचा भाव तर माहीत असायचा. ती चिडायची. चिडलेल्या माणसाला शब्द लागतात, आणि लागतील तेवढेच शब्द बाईंनी फळ्यावर लिहून ठेवलेले असायचे: महाग, किडकं, काल स्वस्त होतं, तुम्हीच खा. तासाभरात मुलगी परक्या भाषेत हातवारे करून तोंड सोडायची आणि खालच्या औषधाच्या दुकानातलं गिऱ्हाईक वर मान करून विचारायचं, ‘‘काय झालं ओ वर?’’

दुकानदार गोळ्या मोजता मोजता म्हणायचा, ‘‘काय न्हाई. शाळा भरल्या.’’

मिरजेत दवाखाने उदंड, त्यामुळे परिचारिकाही उदंड. स्पेनमध्ये म्हातारी माणसं उदंड. या दोन गोष्टींची गाठ पडायला वेळ लागला नव्हता. गेल्या काही वर्षांत मिरज-सांगलीच्या कितीतरी मुली तिकडच्या वृद्धाश्रमांत कामाला गेल्या होत्या आणि त्यातल्या बऱ्याचजणी जाण्याआधी बाईंच्या वांग्यावरून गेल्या होत्या. भांडण जमलं, की पुढचा खेळ ‘रुसलेले आजोबा’. बाई अंगावर शाल ओढून खुर्चीत बसायच्या, औषध म्हणून दिलेली चॉकलेटची गोळी थुंकून टाकायच्या आणि स्पॅनिशमधून मुलीच्या सात पिढ्यांचा उद्धार करायच्या. मुलीनं त्याच भाषेत त्यांची समजूत काढायची. एकदा एका मुलीनं समजूत काढायचं सोडून बाईंचं नाक दाबलं आणि गोळी तोंडात सारली. बाईंनी तिला पैकीच्या पैकी गुण दिले. वर म्हणाल्या, ‘‘तिकडं असं करू नकोस, पण भाषा समजली तुला.’’

ही पद्धत त्यांना कुठल्या पुस्तकात मिळाली नव्हती. त्यांचे यजमान साखर कारखान्यातले इंजिनिअर. कोलंबियातल्या एका कारखान्यानं त्यांना बोलावलं, बाई सोबत गेल्या, आणि बरीच वर्षं राहिल्या. यजमानांनी शेवटपर्यंत इंग्रजीवर भागवलं. बाईंना मात्र बाजार करायचा होता. त्यांचं तेव्हापासूनचं मत असं, की भाषा कानातून आत येते खरी, पण ती जिभेला कष्ट पडल्याशिवाय मुक्काम करत नाही.

जिभेचे हे कष्ट वाचवणारं यंत्र मिरजेत आलं ते त्यांच्याच पुतण्याच्या बॅगेतून.

पुतण्याचं नाव शीतल. त्या भागात शीतल हे मुलग्याचं नाव असतं. स्पेनची मंडळी त्याला पत्रातून दोन वर्षं ‘सेन्योरा शीतल’, म्हणजे शीतलबाई, असं लिहीत होती, आणि त्यांना वाईट वाटेल म्हणून त्यानं ते कधी दुरुस्त केलं नव्हतं. परिचारिकांना परदेशी पाठवणाऱ्या ‘सेवासेतू’ नावाच्या पुण्याच्या कंपनीत तो मिरज शाखेचा प्रमुख होता. शाखेत तो एकटाच होता.

‘‘काकू,’’ तो एका सकाळी वर्गात येऊन म्हणाला, ‘‘तुम्ही आता विश्रांती घ्या.’’

‘‘कुणाचा निरोप आहे? कंपनीचा की यमाचा?’’

मुली हसल्या. शीतलही हसला, आणि त्यानं टेबलावर एक डबी ठेवली. आत तीन पारदर्शक टिकल्या होत्या आणि कानात घालायचा एक मणी. यंत्राचं नाव होतं ‘सुवाचा’. पुण्याच्या मुलाखतींत ते वर्षभर वापरात होतं; शीतलच्या मुलीही तिथूनच ते लावून स्पेनला गेल्या होत्या.

यंत्राची युक्ती सांगायला सोपी होती. आपण बोलायच्या आधी मेंदू जिभेला, ओठांना, घशाला बारीक बारीक विजेचे हुकूम धाडतो. मनातल्या मनात बोललो तरी त्यातले थोडे हुकूम निघतातच. जबड्याखाली चिकटवलेल्या टिकल्या ते वाचायच्या आणि खिशातल्या डबीला कळवायच्या. डबी त्यांचं स्पॅनिश करायची. इथवर नवीन काही नव्हतं. नवीन होतं ते पुढचं. त्याच टिकल्या उलट दिशेनं मंद विजेचे झटके देऊन जीभ आणि ओठ स्वतः हलवायच्या. मनात मराठी आणायचं, तोंडातून स्पॅनिश निघायचं, आवाज आपलाच. समोरच्याचं बोलणं कानातला मणी मराठीत सांगायचा. आपण स्वतः काय बोललो ते मात्र सांगत नसे, कारण स्वतःच्या बोलण्याचा प्रतिध्वनी कानात आला की माणूस अडखळतो. हे शास्त्रीयदृष्ट्या खरं होतं, आणि सोयीचंही होतं.

‘‘नुसते शब्द नाही वाचत हे, काकू. माणसाच्या मनातलं खरं काय ते ओळखतं. मराठी माणूस ‘बघू’ म्हणाला म्हणजे काय, ‘येतो की’ म्हणाला म्हणजे काय, सगळं शिकवलंय त्याला.’’

‘‘कुणी शिकवलं?’’

‘‘आपणच. घरोघरी ते बोलणारे फ्रिज आहेत ना, मिक्सर आहेत. वर्षानुवर्षं ते आपलं ऐकत होते. ते सगळं बोलणं याला ऐकवलंय.’’

‘‘कुणाला विचारून?’’

‘‘फ्रिज घेताना आपण ‘मान्य आहे’ दाबतो, त्यात होतं ते.’’

प्रात्यक्षिकासाठी त्यानं समोरच्या बाकावरच्या मुलीला बोलावलं. जवळच्या बेडग गावची राजनंदिनी सनदे. नाव राणीचं, आवाज उंदराचा. हातानं अतिशय हुशार. शीर शोधायची तर अख्ख्या दवाखान्यात तिच्याकडे पाठवायचे. पण ‘रुसलेले आजोबा’ खेळात ती पहिल्या शिवीलाच ‘बरं’ म्हणून औषध परत घेऊन जायची. टिकल्या लावल्या, मणी घातला, आणि बाई तिच्याशी स्पॅनिशमधून बोलू लागल्या. नाव, गाव, कुठं काम केलंस. राजनंदिनीच्या तोंडून असं काही स्वच्छ, गोल, राजधानीतलं स्पॅनिश वाहू लागलं की बाकीच्या मुलींनी तोंडावर हात ठेवले.  बाईंच्या स्वतःच्या स्पॅनिशला इतक्या वर्षांनंतरही सांगली जिल्ह्याचा हेल होता.

‘‘चहा घे आणखी,’’ बाई स्पॅनिशमध्ये म्हणाल्या. टेबलावर किटली होतीच.

राजनंदिनीचं तोंड म्हणालं, ‘‘नको, आभारी आहे.’’

‘‘अगं घे.’’

‘‘खरंच नको. मघाशीच घेतला.’’

‘‘माझ्यासाठी घे.’’

‘‘बरं, इतका आग्रह करताय तर घोटभर द्या.’’

बाईंनी ओतला. राजनंदिनीनं भरल्या कपाकडे पाहिलं, मग बाईंकडे, आणि एक टिकली सैल करून मराठीत पुटपुटली, ‘‘नको म्हटलं की ओ मी.’’

बाईंनी किटली खाली ठेवली. माणूस बाजारात नासकं वांगं हातात आल्यावर जसा थांबतो तशा त्या थांबल्या. मग विचारलं, माझा हा वर्ग झाडून काढशील का? नाही म्हणाली. पुन्हा विचारलं, आज कंबर दुखते म्हणाली. तिसऱ्यांदा विचारलं, आनंदानं हो म्हणाली. मग बाईंनी चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता शीतलकडे बोट दाखवून स्पॅनिशमध्ये विचारलं, या माझ्या पुतण्याशी लग्न करशील?

पहिल्यांदा राजनंदिनीचं तोंड म्हणालं, ‘‘छे, कृपा करून असं बोलू नका.’’ दुसऱ्यांदा म्हणालं, ‘‘त्यांना माझ्यापेक्षा चांगली मिळेल.’’ तिसऱ्यांदा थोडं लाजून म्हणालं, ‘‘तुमची इतकीच इच्छा असेल, तर माझी ना नाही.’’

बाईंनी तिच्या जबड्याखालच्या टिकल्या एकेक करून काढल्या.

‘‘काय म्हटले ओ मी?’’

‘‘हो म्हणालीस.’’

‘‘कशाला?’’

‘‘शीतलला.’’

शीतलचे कान लाल झाले. राजनंदिनीचे डोळे मोठे झाले. ‘‘आवं, मी मनातसुद्धा न्हाई म्हटलं! जोरात म्हटलं!’’

‘‘तीनदा म्हटलंस,’’ बाई म्हणाल्या. ‘‘म्हणूनच झालं ते.’’

शीतलनं पुण्याला विचारलं आणि दोन दिवसांनी काकूंच्या स्वयंपाकघरात येऊन, पाण्याचा तांब्या रिकामा करून, उत्तर सांगितलं. फ्रिज आणि मिक्सर असतात स्वयंपाकघरात. तिथं माणसं बोलतात जेवताना. म्हणून यंत्रानं ऐकलेली बहुतेक मराठी जेवणाच्या पानावरची होती. ‘घ्या की’, ‘नको’, ‘अर्धी तरी’, ‘खरंच पोट भरलं’, ‘माझी शपथ’. यंत्र शब्दांवर विसंबत नव्हतं. शेवटी काय घडलं ते पाहून शिकत होतं. आणि त्याच्या कोट्यवधी उदाहरणांत शेवटी एकच गोष्ट घडत होती. वाढलं जात होतं आणि खाल्लं जात होतं. ‘आता एक घास जरी गेला तर पोट फुटेल’ असं रडकुंडीला येऊन सांगणारा माणूसही पुढच्या क्षणी पुरणपोळी मोडत होता. यंत्रानं यातून शास्त्रशुद्ध निष्कर्ष काढला होता, की मराठी माणसाचा पहिला नकार हा शिष्टाचार, दुसरा विनय, आणि तिसरा होकार.

‘‘मग दुरुस्त कधी करतायत?’’

शीतलनं तांब्याच्या बुडाकडे पाहिलं. ‘‘दोष नाही म्हणतात, काकू. वैशिष्ट्य आहे म्हणतात. त्याला त्यांनी ‘सौजन्य’ असं नाव दिलंय. तिकडचे लोक फार खूश आहेत. आपल्या मुलींइतक्या मनमिळाऊ कुठल्याच देशाच्या नाहीत म्हणतात.’’

‘‘तिसऱ्यांदा विचारायचं त्यांना ठाऊक आहे?’’

‘‘कारण ठाऊक नाही. पण पद्धत पडलीय.’’

शुक्रवारी मुलाखती होत्या. नव्या कायद्यानं परदेशी नोकरीचा करार तोंडी व्हायचा: समोर पडद्यावर मालक, इकडे उमेदवार, मध्ये चित्रण. जे तोंडातून निघेल ते तीन वर्षं बंधनकारक. सुटी सोडणार का, लागोपाठ दुसरी पाळी करणार का, हे सगळं तिथंच विचारलं जायचं. आणि सेवासेतूची अट अशी, की टिकल्या शेवटपर्यंत जबड्यावर हव्यात. काढल्या की मुलाखत रद्द.

‘‘तू काय म्हणालास त्यांना?’’ बाईंनी विचारलं.

‘‘मी?’’

‘‘नाही, फ्रिज. तूच ना मिरज शाखा?’’

‘‘बघतो म्हटलं,’’ शीतल म्हणाला.

लहानपणापासून बाईंनी त्याला मांडीवर बसवून वाढवलं होतं, आणि आग्रह करकरूनच.  त्याच्या ‘बघतो’तला आपला वाटा त्यांना दिसत होता.

मुलींना त्यांनी सगळं सांगितलं. दोघीतिघी घाबरून घरी गेल्या. एकजण म्हणाली, मग जायलाच नको. राजनंदिनी खाली मान घालून बसली होती. ती म्हणाली, ‘‘मी तर जाणारच, बाई. आमच्या घरात माझं ‘न्हाई’ कुणाला ऐकू येत न्हाई, म्हणून तर एवढ्या लांब चालल्ये. तिथं बी तेच असलं तर मग बेडग काय वाईट होतं?’’

उंदराच्या आवाजातलं हे एवढं लांब वाक्य वर्गानं पहिल्यांदाच ऐकलं.

‘‘ठीक आहे,’’ बाई म्हणाल्या. ‘‘उद्यापासून वांगं बंद.’’

दुसऱ्या दिवशी मुली आल्या तेव्हा बाकडी भिंतीला लावलेली होती आणि जमिनीवर पंगत मांडलेली होती. ताटं, पाण्याची भांडी, आणि बाईंच्या हातात पातेलंभर जिलेबी. नियम फळ्यावर होता. मी स्पॅनिशमध्ये आग्रह करणार. तुम्ही स्पॅनिशमध्ये नाही म्हणायचं. जिचं नाही मला पटलं नाही, तिच्या ताटात जिलेबी पडणार, आणि ताटात टाकायचं नाही.

‘‘एवढंच?’’ एकजण म्हणाली. इतक्या जिलेब्या पोटात गेल्या की तिला दुपारपर्यंत बाहेर जाऊन गार वाऱ्यात उभं राहावं लागलं.

कारण नाही म्हणायचे मुलींना ठाऊक असलेले सगळे मार्ग होकाराच्या दारात जाऊन पोचत होते. एक हसायची, हसली की वाढलीच. एक ताटावर हात आडवा धरायची. तो हात बाजूला सारण्यासाठीच असतो हे वाढणाऱ्याला जन्मापासून माहीत असतं. एक तर बापाकडून शिकलेल्या पद्धतीनं ताटावर पालथी पडली. बाईंनी तिच्या पाठीवर जिलेबी ठेवली.

‘‘हात मागं बांधा,’’ बाई सांगत होत्या. ‘‘डोळ्यांत बघा. आभार मानू नका, आभार मानले की मी आणखी वाढते. आणि कारण सांगू नका. पोट भरलं म्हणालीस तर मी म्हणेन जरा चालून ये. गोड चालत नाही म्हणालीस तर म्हणेन आजच्या दिवस चालेल. कारण म्हणजे दाराची कडी. तुम्हीच समोरच्याच्या हातात देता. नुसतं म्हणा: नो. किंवा म्हणा: नो किएरो. मला नको. संपलं.’’

‘‘उद्धटपणा वाटतोय ओ.’’

‘‘वाटू दे. सवय नाही म्हणून वाटतोय.’’

राजनंदिनीसमोर बाई मांडी घालून बसल्या. घे गं. ‘‘नो,’’ आवाज ताटापर्यंतच पोचला. घे गं, सकाळपासून उपाशी असशील. ‘‘नो.’’ बाईंनी तिच्या हनुवटीला हात लावला आणि मऊ, ओलसर स्पॅनिशमध्ये म्हणाल्या, तुझ्या आईसारखी आहे मी, एक घे, माझं मन राख. राजनंदिनीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं जिलेबी उचलून तोंडात घातली.

‘‘आईला मध्ये आणलं तुम्ही,’’ ती चावता चावता म्हणाली.

‘‘ते काय आणणार नाहीत? आई आणतील, माणुसकी आणतील, ‘तुझ्यावाचून आजोबा जेवत नाहीत’ म्हणतील. खरंही असेल ते. परत.’’

गुरुवारी शीतलकडची डबी आणून त्यांनी टिकल्या लावूनही करून पाहिलं. मुलगी थेट स्पॅनिशमध्ये ‘नो’ म्हणू लागली तरी यंत्र मधल्या मध्ये ते पकडायचं आणि पुढे आपलं सौजन्य जोडून द्यायचं. ते इरादा वाचत होतं, आणि या इराद्याचा अर्थ त्याच्या मते ठरलेला होता. विजेसमोर जिभेचं काही चालत नव्हतं.

‘‘मग उद्या जीभ त्याची झाल्यावर मी काय करू?’’ राजनंदिनीनं विचारलं.

‘‘टिकल्या काढल्यास तर नोकरी जाते. ठेवल्यास तर तीन वर्षं जातात,’’ बाई म्हणाल्या. ‘‘यात मधला रस्ता मी शोधला. मला सापडला नाही.’’

मुलाखती स्टेशन रस्त्याच्या एका मंगल कार्यालयात होत्या. जिथं नवरा-नवरी बसतात त्या मखमली खुर्चीवर उमेदवार, समोर मोठा पडदा, बाजूला शीतलचं टेबल. बाकीच्या मुली भिंतीलगत ओळीनं, जबड्याखाली टिकल्या चमकवत. बाई मागच्या रांगेत जाऊन बसल्या.

‘‘काकू, तुम्ही एक शब्द बोलायचा नाही हं,’’ शीतल हळूच येऊन म्हणाला.

‘‘नाही बोलणार.’’

पडद्यावर आलेल्या बाईंचं नाव ओचोआ. साराखोसा शहरातल्या वृद्धाश्रमाच्या त्या व्यवस्थापक. चेहरा थकलेला, आवाज गोड. दुष्ट बाई नव्हत्या; त्यांच्याकडे म्हातारी माणसं जास्त आणि हात कमी होते, आणि हात भरून काढायची एक सोपी रीत त्यांना गवसली होती. पहिली खुर्ची राजनंदिनीची होती. शिक्षण, अनुभव, सगळं यंत्रानं झकास सांगितलं. मग ओचोआबाईंनी चष्मा काढला.

‘‘कधी कधी आमच्याकडे माणसं कमी असतात. सांगू त्या दिवशी तू दुसरी पाळीही करशील?’’

‘‘मला ते जरा कठीण जाईल,’’ राजनंदिनीचं तोंड म्हणालं.

‘‘कधी तरीच.’’

‘‘तुमची अडचण समजते, पण माझी तब्येत फार दणकट नाही.’’

ओचोआबाई हसल्या. पुढचं त्यांना पाठ होतं. ‘‘आमच्या आजी-आजोबांसाठी करशील ना, मुली?’’

राजनंदिनीचे ओठ पुढे आले. ‘बुएनो’ असं निघत होतं. बुएनो म्हणजे ‘बरं’. आजवर अशा खुर्चीत बसलेल्या किती मुलींच्या तोंडातून ते निघून गेलं होतं आणि एकीलाही कळलं नव्हतं. हिला कळलं. पातेलंभर जिलेबीच्या बदल्यात तिला स्पॅनिशचे मूठभर शब्द आले होते, आणि त्या मुठीत हा होता. स्वतःच्या तोंडात तयार होत असलेला शब्द तिनं ओळखला आणि दातांत जीभ धरली. टिकल्यांनी झटका दिला. तिनं आणखी घट्ट धरली. यंत्रानं पुन्हा झटका दिला, गाल थरथरला, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ आली. भिंतीलगतची एक मुलगी ‘‘अगं बाई’’ म्हणून उठली. शीतलही उठला. राजनंदिनीनं जबड्याखाली नखं घातली आणि तिन्ही टिकल्या कातडीसकट ओढाव्यात तशा ओढून काढल्या. मग कानातला मणी काढला.

‘‘नो,’’ ती म्हणाली. आवाज मंगल कार्यालयाच्या दारापर्यंत गेला. डोळे पडद्यावर होते.

‘‘काय?’’ ओचोआबाई म्हणाल्या.

‘‘नो किएरो.’’

‘‘पण का?’’

राजनंदिनीनं कारण सांगितलं नाही. खूप कारणं होती. ती सगळी गिळून ती नुसती बघत राहिली. ओचोआबाईंनी सवयीनं पुन्हा विचारलं, अजून गोड आवाजात विचारलं, आणि प्रत्येक वेळी तेच अक्षर त्यांच्यासमोर येऊन उभं राहिलं.

‘‘पण मुली, यंत्राशिवाय तुला बोलता येत नाही,’’ त्या शेवटी हळू, सुटं सुटं म्हणाल्या.

राजनंदिनीला यातलं अर्धं समजलं. ती शब्द गोळा करू लागली. मागच्या रांगेत बाईंनी साडीचा पदर मुठीत आवळला. तोंडात आलेला शब्द त्यांनी देऊ केला नाही.

‘‘आब्लो पोको,’’ राजनंदिनी म्हणाली. मी थोडं बोलते. मग छातीवर बोट ठेवून, ‘‘पेरो आब्लो यो.’’ पण बोलते ती मी.

सांगली जिल्ह्याचा हेल त्यात शिगोशीग होता.

 ओचोआबाईंनी चष्मा घातला, पुन्हा काढला. मग त्यांचा आवाज बदलला. गोडवा गेला आणि त्याजागी नुसती एक वयस्क बाई राहिली. ‘‘माझ्याकडे आधीच्या बारा मुली आहेत,’’ त्या म्हणाल्या. ‘‘त्यांनाही मी असंच विचारत आले. त्यासुद्धा... नाहीच म्हणत होत्या का?’’

हे राजनंदिनीला झेपलं नाही. तिनं मागे वळून पाहिलं. शीतलनंही पाहिलं. पुतण्याला दिलेला शब्द बाईंनी मोडला, पण एकाच अक्षरापुरता.

‘‘सी,’’ त्या म्हणाल्या. होय. त्या दिवशी मंगल कार्यालयातला तेवढाच होकार.

पडदा काळा झाला.

पुढची मुलगी खुर्चीकडे जाताना वाटेतच टिकल्या सोलू लागली. तिच्यामागची तर उठण्याआधीच. शीतलचा फोन वाजला, पुण्याहून. मुलींना पुन्हा टिकल्या लाव, बिघाड झाला म्हणून सांग, मुलाखती नव्यानं घे. शीतल ‘‘हो सर, ऐकतोय सर’’ म्हणत खिडकीपाशी गेला. तिकडून पुन्हा तेच सांगितलं गेलं. मग बहुधा बढतीचं काहीतरी. शीतल म्हणाला, ‘‘बघतो.’’

बाईंनी मान फिरवली.

शीतलनं फोन ठेवला, काकूंकडे पाहिलं, आणि तिथंच उभा राहून फोनवर बोटं चालवू लागला. बाईंच्या फोनची घंटी वाजली. त्यांना कुठल्याशा ग्रुपमध्ये घेतलं होतं. मग घंटी वाजतच राहिली, कारण त्या ग्रुपमध्ये एकेक करून शीतलनं आजवर स्पेनला पाठवलेली प्रत्येक मुलगी येत होती. मुलींचे नंबर बाहेर द्यायचे नाहीत ही कंपनीची सक्त ताकीद होती. ग्रुपला त्यानं नाव दिलं होतं: ‘नको’.

‘‘नोकरी जाईल तुझी,’’ बाई म्हणाल्या.

‘‘जाऊ दे,’’ शीतल म्हणाला. त्यानंही कारण सांगितलं नाही.

सोमवारी सकाळी अकराला वर्ग भरला. स्पेनमध्ये तेव्हा नुकतं उजाडलेलं असतं, मुली पाळीवर जायच्या तयारीत असतात. राजनंदिनीला ओचोआबाईंकडून काहीच कळलं नव्हतं. ती बाईंशेजारी बसून फोन धरून होती. फोनवर चौकटीच चौकटी. कुणी दात घासत होती, कुणी गणवेशाची गुंडी लावत होती. टिकल्या सगळ्यांनी काढून ठेवल्या होत्या. डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती.

बाईंनी प्रस्तावना केली नाही. शाल पांघरली आणि व्यवस्थापिका होऊन स्पॅनिशमध्ये म्हणाल्या, ‘‘आज रात्री थांबशील ना?’’

साराखोसाची तेजश्री पट्टणशेट्टी मराठीतच म्हणाली, ‘‘बाई, पण इथं खरंच कोण नसतं ओ. मी नाही म्हटलं तर आमच्या आजोबांना कोण बघणार?’’

‘‘माहीत नाही,’’ बाई म्हणाल्या. ‘‘ते शोधायचं काम ज्यांचं आहे त्यांना तुम्ही कधी शोधूच दिलं नाही. आज रात्री थांबशील ना, माझ्यासाठी?’’

 एका चौकटीत चहाची वाफ येत होती.

‘‘आजोबांसाठी तरी?’’ बाईंनी तिसऱ्यांदा विचारलं.

‘‘नो,’’ तेजश्री म्हणाली. मग मालागाहून कुणी म्हणालं, मग बुर्गोसहून. इतक्या लांबून येताना आवाज पुढेमागे होत होते, त्यामुळे एक नकार संपतोय तोवर दुसरा पोचत होता, त्याच्या मागून तिसरा. खालच्या औषधाच्या दुकानातलं गिऱ्हाईक वर बघू लागलं. राजनंदिनीनं फोनचा आवाज आणखी वाढवला.

सगळ्याजणींचं म्हणून होईपर्यंत बाई थांबल्या. मग शाल नीट केली, चेहरा अतिशय प्रेमळ केला, आणि चौथ्यांदा विचारलं.